इतिवृत्त दर वेळी मीच का लिहायचं? : वाचकांचे प्रश्न

विद्यापीठात, कॉलेजात किंवा संशोधन संस्थेत काम करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या अडचणी लिहून पाठवाव्यात, अशी चौकट संपादकांनी गेल्या अंकात छापली होती. पत्रं बरीच आली आणि त्यांत पुरुषांचीही निघाली, हे चांगलंच झालं. उत्तरं देणारी मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. शेवटी शेवटी विभागप्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. मी वकील नाही. नियमांचे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड आहे, तेवढंच भांडवल. पत्रं थोडी कापली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर काढला आहे.

*

आमच्या विभागात सात जण आहेत, त्यांत बायका आम्ही दोघी. मीटिंग सुरू झाली की सर माझ्याकडे बघतात आणि मी वही उघडते. पाहुण्यांचा गुच्छ, शाल-श्रीफळ, सूत्रसंचालन, सगळं आमच्याकडे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम आली तेव्हा रांगोळीची जबाबदारी मला लेखी दिली होती. आता कॅस या बढतीच्या योजनेखाली माझी बढती ड्यू आहे आणि पेपर कमी पडताहेत. नाही म्हटलं की ‘मॅडम सहकार्य करत नाहीत’ असं होतं. काय करू? (सहायक प्राध्यापक, कर्वेनगर)

रांगोळीचा तो कागद जपून ठेवा. गंमत म्हणून नव्हे, लागेल.

तुमच्या सरांच्या पोटात काही काळंबेरं असेल असं मला वाटत नाही. वही तुमच्याकडे सरकते ती सवयीनं, आणि सवयीशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही चिडून बोललात तर ‘एवढ्याशा गोष्टीवरून’ म्हणतील, आणि एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती खरंच एवढीशीच असते. म्हणून वर्षाची बेरीज करा. जुन्या इतिवृत्तांची फाइल तुमच्याच कपाटात असणार. एका कागदावर सातही नावं उभी लिहा आणि कामं आडवी : इतिवृत्त, पाहुणे, सूत्रसंचालन, परीक्षा, प्रवेश, खरेदी समिती, डेड स्टॉक तपासणी. ज्यानं जे केलं त्याच्यापुढे खूण. शेरा एकही लिहू नका, ‘अन्याय’ हा शब्द तर मुळीच नको. मग ‘विभागीय कामांचं वाटप’ हा विषय पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत आधीच लेखी घालून घ्या आणि त्या दिवशी तक्त्याच्या झेरॉक्स सगळ्यांसमोर ठेवा. प्रस्ताव एकच मांडायचा : इतिवृत्त सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे आळीपाळीनं, विभागप्रमुख धरून. ‘धरून’वर अडून बसा. वरिष्ठांनी एकदा स्वतः लिहिलं की पुढच्यांना नाही म्हणायला तोंड राहत नाही.

मोजणीनं काय होतं त्याचा एक मोठा दाखला अमेरिकेतल्या एमआयटीचा आहे. नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंना झेब्राफिशच्या टाक्या ठेवायला जागा हवी होती आणि ती मिळेना. जागा नाहीच, असं वरून सांगण्यात येई. शेवटी त्या रात्रीच्या वेळी टेप घेऊन इमारतीत हिंडल्या आणि सगळ्यांच्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा त्यांची जागा बरीच कमी भरली. इतर विभागांतल्या मोजक्या बायकांना हे सांगितल्यावर प्रत्येकीकडे असंच काहीतरी निघालं. समिती बसली, आणि १९९९ साली संस्थेनं स्वतःच अहवाल छापून भेदभाव झाल्याचं कबूल केलं. तोवर ही सगळी तक्रार म्हणजे एका बाईंचा तिरसटपणा होता. चौरस फुटांत मांडल्यावर मात्र तिला कुणी तिरसट म्हणू शकेना.

आता कॅसचं. बढतीच्या वेळी ‘सूत्रसंचालन उत्तम करतात’ याला कुणी विचारत नाही. परीक्षेचं काम, समन्वयकपद, समितीचं अध्यक्षपद यांना विचारतात. म्हणून गुच्छ खाली ठेवताना त्या बदल्यात एखादं मोजलं जाणारं काम मागून घ्या. नॅकचं काम येणारच असेल तर तिसरा निकष, म्हणजे संशोधनाचा, मागा. सातवा तुम्ही न मागता गळ्यात पडेल. स्त्री-पुरुष समानतेसाठी संस्थेनं काय केलं, हा प्रश्न सातव्या निकषात असतो. त्याचं उत्तर विभागातल्या बाईच लिहितात आणि पुरावा म्हणून आठ मार्चच्या रांगोळी स्पर्धेचे फोटो जोडतात. मी असे फोटो इतके पाहिलेत की रांगोळीतला मोर ओळखीचा झालाय.

दुसऱ्या मॅडमना आधी विश्वासात घ्या. ‘जाऊ दे गं, दहा मिनिटांचं तर काम’ असं त्या म्हणतील. तक्ता त्यांच्याबरोबर बसूनच भरा.

*

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, चौथं वर्ष चालू आहे. मला दिवस गेलेत, तिसरा महिना. गाइडना सांगितलं तर म्हणाले, ‘थीसिस की बाळ, ते आधी ठरव. माझ्या लॅबमध्ये दोन्ही होत नाही.’ नवऱ्याची बदली नागपूरला होईल असं दिसतंय. सासूबाई म्हणतात, डिग्री काय कुठे पळून जाते? लॅबमध्ये बाकी कुणाला अजून सांगितलेलं नाही. (संशोधक विद्यार्थिनी, औंध)

अगं, अभिनंदन आधी. ते कुणी केलेलं दिसत नाही.

नियमांकडे येतेच, पण त्याआधी तुझ्या हूडकडे, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाकडे, बघू. तू डीएमएफ हे द्रावक वापरत असणार, सेंद्रियवाले सगळेच वापरतात. बाटली फिरवून बघ. लाल चौकटीत माणसाचा छातीपर्यंतचा आकार आणि छातीवर चांदणी फुटल्यासारखं चिन्ह दिसेल. मग त्याचं सेफ्टी डेटा शीट काढ. पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. ‘मी ग्लोव्ह्ज घालते की’ म्हणू नकोस. डीएमएफ कातडीतून आत जातं आणि आपले नेहमीचे पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज त्याला फार वेळ थोपवत नाहीत. तेव्हा उद्याच्या उद्या डॉक्टरांना रसायनांची यादी दाखव, त्यांच्याकडून चिठ्ठी घे आणि ती लॅबच्या सेफ्टी ऑफिसरला दे. बाकीच्यांना हवं तेव्हा सांग, पण ही बातमी लपवून रसायनं वेगळी करायचे कॉलम लावत बसू नकोस. तोवर स्पेक्ट्रा लावणं, आकडेमोड, प्रकरणांचं लिखाण अशी कामं पुढे ओढ. चौथ्या वर्षाला अशा कामांचा तोटा नसतो.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएचडीची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्यात संशोधक विद्यार्थिनीला पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देण्याची तरतूद आहे. पीएचडीला सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे जास्तीत जास्त दहा. तू चौथ्यात आहेस. घाई कुणाला आहे, तुला की गाइडना, ते बघ. फेलोशिप मिळत असेल तर ती देणाऱ्या संस्थेचं रजेचं परिपत्रकही काढून ठेव.

नागपूरचीही सोय त्याच नियमावलीत आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणानं विद्यार्थिनीला गाव बदलावं लागलं तर संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. दोन अटी आहेत. जुन्या संस्थेला आणि गाइडना झालेल्या कामाचं श्रेय द्यायचं, आणि तो डेटा निधी देणाऱ्या एखाद्या संस्थेनं गाइडला मंजूर केलेल्या प्रकल्पातला नसावा. तुझं काम प्रकल्पातलं असेल तर ही वाट बंद आहे, हे आत्ताच तपास. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर नको.

रजा ‘देता येईल’ अशी नियमाची भाषा आहे, ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि तो तोंडी चालत नाही. अर्ज गाइडमार्फत पीएचडी विभागाकडे कर आणि एक प्रत स्वतः नेऊन आवक खिडकीवर दे. तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. ‘ठेवून जा, मॅडम’ म्हणतील. नाही ठेवायचा. रजेवर जाण्याआधी कोणती प्रकरणं पूर्ण करीन आणि परत आल्यावर कोणते प्रयोग, हेही अर्जाखाली चार ओळींत लिही. तुझ्या गाइडचं बोलणं मला मुळीच पटलेलं नाही, पण त्यांची भीती बहुधा बाळाची नसून लॅबचं काम अडण्याची आहे. त्या भीतीला तारखा दिल्या की बरेचसे गाइड निवळतात. नाही निवळले तर शिक्क्याची प्रत तुझ्याकडे आहेच.

सासूबाईंना सांग, डिग्री पळून जात नाही हे खरं, नोंदणी मात्र जाते.

*

मुलींना फी माफ, सरकारी नोकरीत ३० टक्के आरक्षण, पीएचडीला दोन वर्षं जास्त. मी सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास आहे, पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, दर उन्हाळ्यात घरी बसतो. स्त्रियांवर अन्याय आजोबांच्या काळात होत असेल, आता उलटं झालंय. समानता म्हणतात ती हीच का? (हडपसर)

फीमाफीचा शासन निर्णय जुलै २०२४ चा. व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना. तुमचा हिशेब तेवढ्यापुरता बरोबर आहे, पण तो पहिल्या पानावर थांबलाय. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशात पीएचडी करणारे सुमारे २ लाख १३ हजार होते आणि त्यांत ९९ हजार मुली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्यांत मात्र पाचांत एक बाईसुद्धा भरत नाही. निम्म्यावरून निघालेली मंडळी मधल्या रस्त्यात कुठे गेली? त्यांतल्या एकीचं पत्र तुम्ही आत्ताच वर वाचलंत. ती दोन वर्षं तिला कशासाठी आहेत, तेही त्यातच आलं.

आजोबांच्या काळाबद्दल म्हणाल, तर १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष काम बघून मग ठरवू, अशा अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. रामनांचं म्हणणं निदान तोंडावर होतं, त्याला तोंड देता आलं. आजचं ‘थीसिस की बाळ’ बंद दाराआड बोललं जातं.

पण तुमच्या पत्रातली खरी तक्रार मला वाचता आली नाही असं समजू नका. पाच वर्षं तासावर पैसे, उन्हाळ्यात शून्य, जागा रिकामी असून जाहिरात नाही. हा अन्याय आहे आणि तो रास्त शब्दांत मांडायला हवा. फक्त तो मुलींनी केलेला नाही. तुमच्या स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावरच्या किती जणी आहेत ते मोजा. त्यांतल्या एखादीला बाळंतपणात किती दिवसांचा पगार मिळाला, तेही विचारा. मोर्चाला सोबत मिळेल.

*

मी एका संस्थेत विभागप्रमुख आहे. प्रोजेक्ट असिस्टंटच्या मुलाखतीत मुलींना ‘लग्न कधी करणार’ असं विचारावं लागतं, कारण मधेच सोडून गेल्या तर प्रकल्प अडकतो. मी स्वतः भेदभाव मानत नाही. समितीत एक महिला सदस्यही असतात. मुलाखत आणखी न्याय्य कशी करता येईल? (बाणेर)

हा प्रश्न विचारणं थांबवून, सर. तुमचे मुलगे अमेरिकेचा व्हिसा लागला की ऑगस्टमध्ये विमानात बसतात, तेव्हा प्रकल्प अडकत नाही का? त्यांना कुणी मुलाखतीत ‘जीआरई कधी देणार’ विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. प्रकल्प अमुक तारखेपर्यंत आहे, तोवर राहाल का, असं सगळ्यांना सारखं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. तुम्हाला तेवढंच हवं आहे.

भेदभाव मानत नाही म्हणता, त्यावर माझा विश्वास आहे. मानण्याचा मात्र इथे फारसा संबंध येत नाही. २०१२ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांकडे लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एक अर्ज पाठवला. अर्ज शब्दशः एकच, निम्म्यांना जॉन नावानं आणि निम्म्यांना जेनिफर नावानं. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. जेनिफरला कमी लेखण्यात प्राध्यापिका प्राध्यापकांच्या मागे नव्हत्या. तेव्हा समितीत एक बाई बसवल्या की काम झालं, असं नसतं. बऱ्याचदा त्या बाईंना प्रश्न विचारायची पाळी चहा येता येता मिळते, ते वेगळंच.

उपाय साधे आहेत. पहिल्या चाळणीत अर्जावरची नावं आणि फोटो झाकून घ्या, तुमच्या क्लार्कला अर्ध्या दिवसाचं काम. हबल दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्यांचे प्रस्ताव २०१८ पासून नाव झाकून तपासले जाऊ लागले, आणि त्याच फेरीत बायकांच्या प्रस्तावांचं यश पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. कित्येक वर्षांत ते तसं झालेलं नव्हतं. दुसरं, कशाला किती गुण ते अर्ज उघडण्याआधी ठरवून सह्या करा. मुलाखतीनंतर ठरवलेले गुण आवडलेल्या उमेदवाराच्या मापाचे शिवले जातात.

*

आमच्या संस्थेतले एक वरिष्ठ वैज्ञानिक रात्री उशिरा मेसेज करतात. आधी डेटाबद्दल, मग ‘झोपलीस का’, ‘आज छान दिसत होतीस’. उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी माझा इन्स्ट्रुमेंटचा स्लॉट रद्द. माझ्या प्रगती अहवालावर सही त्यांचीच लागते. समितीकडे गेले तर सगळ्या संस्थेत होईल. (नाव-पत्ता नाही)

मेसेज पुसू नकोस, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं संभाषण स्वतःच्या मेलवर पाठव. स्लॉट रद्द झाल्याच्या नोंदी त्यांच्या तारखांसकट काढ आणि मेसेजच्या तारखांशेजारी मांड. ‘झोपलीस का’ला ते काळजी म्हणतील, पण दोन तारखा शेजारी आल्या की काळजी म्हणणं अवघड जातं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. तुला सर्वांत उपयोगी भाग अंतरिम उपायांचा आहे, आणि तोच लोकांना ठाऊक नसतो. चौकशी चालू असताना तुझ्या कामाचं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून घ्यावं, असं तू लेखी मागू शकतेस. तक्रारीसोबतच माग, म्हणजे अहवालावर सही दुसऱ्या कुणाची होईल.

तुझी संस्था विद्यापीठाच्या कक्षेत येत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे विनियम लागतात. त्यांत विद्यार्थिनीही येतात, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्यांना समितीत बसता येत नाही. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. ती नावं संस्थेच्या फलकावर असायलाच हवीत. आतल्या कुणाशी बोलायचा धीर होत नसेल तर आधी बाहेरच्या सदस्याला फोन कर. आम्ही त्यासाठीच असतो.

‘सगळ्या संस्थेत होईल’ म्हणतेस. तक्रार, नावं, चौकशी बाहेर फोडायला कायद्यानं मनाई आहे आणि फोडणाऱ्याला दंड आहे. कुजबूज होणारच नाही, असं मी सांगणार नाही. समितीतल्या कुणी ‘तुमच्यात मिटवून टाका’ सुचवलं तर लक्षात ठेव, समेट फक्त तू स्वतः मागितलास तरच होतो आणि त्यात पैशांची तडजोड चालत नाही. आरोप पुरेसा सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तुला खोटी ठरवून शिक्षा करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

*

मी संशोधन संस्थेत काम करतो, बायको हिंजवडीला आयटीत. आमच्या संस्थेत पाळणाघर आहे, पण दारावर ‘फक्त महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी’ असा फलक आहे. माझ्या मुलीला घेत नाहीत. (पाषाण)

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं केलं. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण पाळणाघराची अट तिच्यातही आहे. हे ५० म्हणजे सगळे कर्मचारी, नुसत्या बायका नव्हेत. तुम्हीही त्या आकड्यात आहात. दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मात्र कायदा आईलाच देतो, बापाचं नाव त्यात नाही. ती कायद्याची उणीव. पण बापाच्या मुलीला घेऊ नका, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. तो फलक संस्थेनं स्वतः रंगवून घेतलाय आणि संस्थेला तो उतरवता येतो.

अर्ज एकट्यानं करू नका. लहान मुलं असलेले आणखी चार-पाच बाप संस्थेत नक्की असतील, त्यांच्या सह्या घ्या. तुमच्या महिला सहकाऱ्यांच्याही घ्या. पाळणाघरात मुलांची संख्या वाढली की सांभाळणारी बाई टिकते, नाहीतर पुढच्या वर्षी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून ते बंद होतं आणि त्या खोलीत यूपीएस येतो.